माग नसलेला वर्ग

पहिल्या रांगेतून एक पिशवी मागे येते आहे. तिच्यात सूत आहे, ताग आहे, लोकर आहे आणि सेलोफेनच्या, म्हणजे चकचकीत पारदर्शक कागदाच्या, बारीक पट्ट्याही आहेत. डोळे मिटून हात घाला, काय लागतं ते बघा आणि मग शेजाऱ्याकडे द्या. मी बोलत असताना पिशवी फिरू दे.

मी विणते आणि विणायला शिकवते. शिकवण्यात इतकी वर्षं गेली नसती तर स्वतःचं किती काम झालं असतं, असं मला नेहमी विचारलं जातं. पूर्वी मलाही तेच वाटायचं. दिवसभर मुलांचे तुटलेले धागे जोडून घरी यावं आणि मागावर अर्धवट पडलेलं कापड बघून जीव हळहळावा, अशी कितीतरी वर्षं गेली. ते मत बदललं अ‍ॅनी अल्बर्स या जर्मन विणकर-शिक्षिकेमुळे.

अ‍ॅनींचा जन्म १८९९चा, बर्लिनचा. व्हायचं होतं चित्रकार. १९२२ साली त्या वायमारला बाउहाउस या कलाशाळेत दाखल झाल्या. शाळा नव्या विचारांची, तरी मुलींची रवानगी बहुतेक विणकामाच्या कार्यशाळेतच व्हायची. अ‍ॅनीही नाइलाजाने तिथे गेल्या. धाग्याचं काम त्यांना सुरुवातीला फार बायकी वाटलं होतं. पण काम करता करता धाग्याने त्यांना धरून ठेवलं.

१९३०च्या पदविकेसाठी त्यांनी काय विणलं ते सांगते, कारण त्यात पुढचं सगळं आहे. बर्नाऊ इथे कामगार संघटनांची एक शाळा उभी राहत होती. तिच्या सभागृहात आवाज घुमायचा. अ‍ॅनींनी भिंतीवर लावायचं कापड विणलं: पुढच्या बाजूला सेलोफेन, म्हणजे उजेड परतावा, मागच्या बाजूला मऊ, लवदार शेनील, म्हणजे आवाज मुरावा. नक्षी नाही, फूल नाही, पान नाही. त्या खोलीला जे हवं होतं, ते धाग्याकडून करून घेतलं. तुमच्या हातातल्या पिशवीत सेलोफेन आहे ते त्यासाठीच.

१९३३ साली नाझींच्या दबावाखाली बाउहाउस बंद पडलं. अ‍ॅनी ज्यू घराण्यातल्या. पती जोसेफ यांच्यासह त्या अमेरिकेला गेल्या, नॉर्थ कॅरोलायनातल्या ब्लॅक माउंटन कॉलेजात. ते कॉलेज त्याच वर्षी सुरू झालेलं. १९४९पर्यंत त्यांनी तिथे शिकवलं आणि आपला आजचा विषय, मागाशिवाय विणकाम शिकवणं, खरा तिथे सुरू होतो.

विद्यार्थ्यांना त्या थेट मागावर बसवत नसत. त्या सांगत, कल्पना करा, आपण पेरूच्या किनाऱ्यावर, वाळवंटात आहोत. ऊन आहे, वारा आहे. कपडे नाहीत, भांडीसुद्धा नाहीत. आता काय कराल? गवत घ्या, कातडं कापून पट्ट्या करा, काहीही घ्या. तिथून हळूहळू कापडापर्यंत या. मक्याचे दाणे मांडून, कागदाला टाचणीने भोकं पाडून, टाइपरायटरची अक्षरं एकाखाली एक ठोकून मुलं पोत म्हणजे काय ते शोधायची. मग यायचा कमरेचा माग. त्याचं एक टोक झाडाला किंवा खांबाला, दुसरं विणणाऱ्याच्या कमरेभोवती. ताण हवा तर मागे रेला, सैल हवा तर पुढे झुका. माणूसच मागाचा एक भाग होतो.

ही पद्धत मी माझ्या वर्गात आणली तेव्हा मी शिकवत होते त्या संस्थेत कुरबूर झाली. प्रदर्शनाला मांडायला नमुने कुठे आहेत, असं मला विचारलं गेलं. खरंच नव्हते. महिनाभरात आमच्याकडे जमला होता दोऱ्यांचा आणि गवताचा ढीग. मला ते लागलं. पण त्याच महिन्यात एका मुलीने सुंभाचा तुकडा उलटा पिळून सोडवला. तंतू मोकळे झाले, बोटांत नुसता भुसा राहिला. मग तिने तेच तंतू मांडीवर घासून पुन्हा वळले आणि दोन्ही हातांनी ओढले. तुटेना. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, असं आपण हट्टी माणसांना म्हणतो. पीळ म्हणजे काय, ते तिला त्या दिवशी कळलं. आणि मलाही.

कारण मी घरी जाऊन माझ्या मागावर गरजेपेक्षा जास्त पिळाचं सूत चढवलं. धोटा नेहमीसारखा फिरवला, फणीने नेहमीसारखं ठोकलं, सपाट कापड विणलं आणि पाण्यात टाकलं. दाबून धरलेला पीळ पाण्यात सुटायला बघतो. कापड आक्रसलं, त्याला लाटा आल्या. पंचवीस वर्षांच्या विणकामात मला न सुचलेली गोष्ट मला वर्गातून मिळाली.

अ‍ॅनींचंही असंच झालं असावं, असं मला वाटतं. मेक्सिकोत माँते अल्बानचे प्राचीन दागिने बघून आल्यावर त्यांनी अ‍ॅलेक्स रीड या विद्यार्थ्यासोबत हार केले, तेही मोरीची जाळी आणि कागदाच्या क्लिपांचे! शिकवताना जे सांगायचं, तेच स्वतःच्या हाताने करायचं. १९४९ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये त्यांचं एकल प्रदर्शन झालं. तिथे एका विणकराला असा मान पहिल्यांदाच मिळत होता. १९६५ साली आलेल्या त्यांच्या विणकामावरच्या पुस्तकाची अर्पणपत्रिका मला त्याहूनही मोठी वाटते. आपले थोर गुरू म्हणून त्यांनी ते प्राचीन पेरूच्या विणकरांना अर्पण केलं. एका शिक्षिकेने आपले शिक्षक इतक्या मागे जाऊन शोधले.

साठी ओलांडल्यावर त्या छापचित्रांकडे वळल्या आणि पुढे माग देऊनही टाकला. हे वाचलं तेव्हा मला धक्का बसला होता. आता बसत नाही. मक्याच्या दाण्यांनी पोत शिकवणाऱ्या बाईंना माग सोडणं जमणारच.

पिशवी कुठवर आली? चौथ्या रांगेत अडकली आहे. तिथे एक ताई तागाची दोरी सोडवत बसल्या आहेत. बसू द्या त्यांना, पिशवी पुढे न्यायची घाई नाही.