‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’: खून त्या पोरानंच केला होता ना?

नमस्कार मंडळी.

आज एकाच सिनेमाबद्दल बोलायचंय, आणि तेही ज्यांनी तो पाहिलाय त्यांच्याशी. पाहिला नसेल तर व्हिडिओ इथेच थांबवा. ९६ मिनिटांचा सिनेमा आहे, बघून या. कारण मी थेट शेवटाबद्दलच बोलणार आहे.

[स्क्रीनवर: ट्वेल्व्ह अँग्री मेन, १९५७]

बारा माणसं, एक टेबल, बंद दार, अंगाची लाही करणारा उकाडा. ही बारा माणसं म्हणजे ज्युरी, आरोपी दोषी की नाही हे ठरवायला बसवलेली साधी माणसं. सिनेमात त्यांना नावानं नाही, नंबरानं ओळखायचं. अठरा वर्षांच्या एका पोरानं बापाला चाकूनं भोसकून मारलं असा आरोप. दोषी ठरला तर विजेच्या खुर्चीत मृत्यू. पहिल्यांदा हात वर होतात तेव्हा अकरा जण म्हणतात दोषी, एकटा आठ नंबर म्हणतो दोषी नाही. दीड तासानं बाराच्या बारा म्हणतात दोषी नाही.

हा सिनेमा मी आजवर कितीतरी जणांना बसवून दाखवलाय. मित्रांना, भावंडांना, शेजाऱ्यांना. संपल्यावर लोक काय बोलतात ते आता मला जवळजवळ पाठ झालंय. काही जण म्हणतात, एका खोलीत बसून बडबड, यात थरार कसला? काही जण विचारतात, आपल्याकडे ज्युरी असते का? आणि प्रत्येक वेळी एक तरी माणूस असतो जो सगळं शांतपणे ऐकून घेतो आणि मग म्हणतो, ‘ते सगळं ठीक आहे रे, पण खून त्या पोरानंच केला होता ना?’

हा तिसरा माणूस मला फार महत्त्वाचा वाटतो. त्याच्याकडे येतोच. आधी त्या खोलीबद्दल.

या सिनेमाचं बजेट होतं साधारण साडेतीन लाख डॉलर. हॉलिवूडच्या हिशेबात तेव्हाही किरकोळच. दिग्दर्शक सिडनी ल्युमेट, त्याचा हा पहिला सिनेमा, त्याआधी तो टीव्हीवर काम करायचा. लेखक रेजिनाल्ड रोझ, त्यानं हीच गोष्ट १९५४ मध्ये टीव्हीसाठी लिहिली होती. निर्माते दोघं, रोझ आणि आठ नंबरचं काम करणारा हेन्री फोंडा. पैसे कमी म्हणून दिवस कमी. तीन आठवड्यांच्या आत शूटिंग संपवलं.

कसं संपवलं, ते ल्युमेटनं स्वतः लिहून ठेवलंय आणि ते मला फार आवडतं. लाइटिंगला वेळ लागतो, वेळ म्हणजे पैसा. म्हणून एका खुर्चीवर लाइट लावला की त्या खुर्चीत बसलेल्या माणसाचे सगळे शॉट उरकून घ्यायचे. सुरुवातीचे, मधले, शेवटचे, सगळे. मग पुढची खुर्ची. असे खोलीला तीन फेरे मारले. पहिला साध्या उजेडात, दुसरा बाहेर आभाळ भरून येतं तेव्हाच्या उजेडात, तिसरा खोलीतले दिवे लागल्यावर.

आता याचा अर्थ काय होतो बघा. ली जे. कॉब, म्हणजे तो तीन नंबर, सगळ्यात संतापलेला माणूस. तो फोंडावर ओरडतो आणि फोंडा त्याला उत्तर देतो, ते आपल्याला सलग दिसतं. पण ओरडणं एका दिवशी चित्रित झालंय आणि उत्तर कित्येक दिवसांनी. तरी आवाजाची पट्टी, राग, कपाळावरचा घाम, कुठेही सांधा दिसत नाही. कारण आधी दोन आठवडे नाटकासारख्या तालमी झाल्या होत्या. कोण कुठल्या क्षणी किती तापलेला असणार हे प्रत्येकाला ठाऊक होतं.

आणि कॅमेरा. सुरुवातीला तो नजरेच्या वर आहे, मधे नजरेच्या पातळीवर येतो, शेवटच्या भागात खालून बघतो. लेन्सही बदलत जातात, त्यामुळे भिंती माणसांच्या अंगावर आल्यासारख्या वाटतात. शेवटाकडे छतसुद्धा दिसायला लागतं. छायाचित्रकार होता बोरिस कॉफमन. एकाच खोलीत दीड तास बसून आपल्याला कंटाळा न येता गुदमरल्यासारखं होतं, ते यामुळे. म्हणून ‘एका खोलीत काय बघायचं’ म्हणणाऱ्यांना मी एवढंच सांगतो, ती खोली बघा. ती आकसत जाते.

तेव्हा तिकीटबारीवर हा सिनेमा चालला नाही. बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात गोल्डन बेअर हा सर्वोच्च पुरस्कार मिळाला, ऑस्करची तीन नामांकनं मिळाली आणि तिन्ही पुरस्कार ‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’ घेऊन गेला.

आता ज्युरीचा प्रश्न. हीच गोष्ट बासू चटर्जींनी १९८६ मध्ये ‘एक रुका हुआ फैसला’ म्हणून हिंदीत केली. तीन नंबर झाला पंकज कपूर, आठ नंबर के. के. रैना, आणि म्हातारा ज्युरर झाला अन्नू कपूर, तोही ऐन तिशीत. काय कामं आहेत! पण १९८६ मध्ये भारतात ज्युरी होतीच कुठे? १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनं ती काढून टाकली होती. त्याआधी होती, आपल्या मुंबईतही होती. नानावटी खटला आठवा. १९५९ मध्ये नौदलाच्या अधिकाऱ्यानं बायकोच्या प्रियकराला गोळ्या घातल्या, मुंबईच्या सत्र न्यायालयात ज्युरीनं आठ विरुद्ध एक मतानं त्याला निर्दोष म्हटलं. न्यायाधीशांना ते पटलं नाही, त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं आणि तिथे तो दोषी ठरला. १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते कायम केलं. त्या एका खटल्यामुळे दुसऱ्या दिवशी ज्युरी बंद झाली असं सर्रास सांगितलं जातं, तसं नाही. ती आधीपासून आक्रसत चालली होती आणि नंतरही काही काळ टिकली. पारशी विवाहांच्या खटल्यांत तर न्यायाधीशांबरोबर समाजातले प्रतिनिधी बसवण्याची पद्धत कायद्यात राहिली.

बरं. आता तो तिसरा माणूस.

आमच्या घरात तो माणूस म्हणजे माझे मामा. एसटीत कंडक्टर होते, निवृत्त झालेत. गेल्या दिवाळीत सगळे जमले होते, फराळ झाला आणि मी हा सिनेमा लावला. मामा पहिला तासभर एक शब्द बोलले नाहीत. मग तो चष्म्याचा प्रसंग आला.

आठवतोय ना? समोरच्या इमारतीतली बाई म्हणते, मी पलंगावर पडले होते, झोप येत नव्हती, खिडकीतून पाहिलं, मधून लोकल जात होती, तिच्या शेवटच्या दोन डब्यांच्या खिडक्यांतून मला खून दिसला. सगळ्यात भक्कम साक्ष. आणि मग म्हाताऱ्या नऊ नंबरला आठवतं, की कोर्टात त्या बाईच्या नाकावर दोन्ही बाजूंना खुणा होत्या. चष्म्याच्या. कोर्टात तिनं चष्मा घातला नव्हता, पण खुणा होत्या. झोपायला जाताना कोण चष्मा घालतं? मग साठ फुटांवरून, रात्री, बिनचष्म्याचं तिला काय दिसलं असेल?

तिथे मामांनी हात वर केला. ‘थांबव रे जरा.’

मी थांबवला. मामांनी आपला चष्मा काढला, मला जवळ बोलावलं आणि नाकावर बोट ठेवलं. दोन्ही बाजूंना लालसर खळगे, हरभऱ्याच्या डाळीएवढे. म्हणाले, ‘खूण आहे ना? हा चष्मा वाचायचा आहे. लांबचं मला आजही स्वच्छ दिसतं. स्टँडच्या या टोकाला उभा राहून त्या टोकाच्या गाडीची पाटी वाचून दाखवू? त्या बाईचा चष्मा जवळचा की लांबचा, कुणी विचारलं?’

मंडळी, मामांचा मुद्दा बिनतोड आहे. आणि गंमत म्हणजे सिनेमात तो आलाय. तीन नंबर हेच ओरडून विचारतो, कशावरून तिला लांबचं दिसत नाही? कशावरून तो उन्हाचा चष्मा नाही? आपण ते कानाआड करतो, कारण तो आपल्याला आवडत नसतो. आठ नंबरचं उत्तर मात्र नीट ऐका. तिला दिसलंच नाही असं तो म्हणत नाही. तिच्या नजरेबद्दल आता शंका आहे, एवढंच तो म्हणतो.

मामा तिथे थांबले नाहीत. त्यांनी बोटं मोजली. त्या रात्री बापलेकाचं भांडण झालं. पोरानं अगदी तसलाच चाकू विकत घेतला होता. तो म्हणतो खिशाला भोक होतं, चाकू पडला. खून झाला तेव्हा म्हणे सिनेमाला गेला होता, पण सिनेमाचं नाव आठवत नाही. ‘एकेक गोष्ट घेतली तर योगायोग म्हणू. सगळे योगायोग एकाच पोरावर, एकाच रात्रीत?’

हे मत असणारे मामा एकटे नाहीत, आणि ते अडाणी मत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती सोनिया सोटोमायोर यांनी २०१० मध्ये सांगितलं होतं, की वकिली करावीशी वाटण्यात या सिनेमाचा वाटा होता. पण खालच्या कोर्टात न्यायाधीश असताना त्या ज्युरीला कधीकधी बजावत, या सिनेमासारखं वागू नका. कारण यातले बरेचसे निष्कर्ष तर्कावर उभे आहेत, पुराव्यावर नाहीत. आणि आठ नंबर स्वतः बाजारात जाऊन तसाच दुसरा चाकू विकत आणतो आणि टेबलावर खुपसतो, तो प्रसंग कितीही टाळ्या घेवो, ज्युररला असा स्वतः पुरावा गोळा करता येत नाही. खऱ्या खटल्यात हे उघडकीला आलं असतं तर सगळं नव्यानं सुरू करावं लागलं असतं.

मग मी कुठे उभा आहे? मनापासून सांगतो. त्या पोरानं बापाला मारलं असण्याची शक्यता मला आजही जास्त वाटते. आणि तरीही मी ‘दोषी नाही’ला हात वर केला असता.

हे दोन्ही एकत्र कसं बसतं, ते सांगायला मला अमेरिकेत जायची गरज नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयाचा १९७३ चा निकाल आहे, शिवाजी साहेबराव बोबडे विरुद्ध महाराष्ट्र सरकार. न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी त्यात म्हटलंय, की ‘केलं असेल’ आणि ‘केलंच असलं पाहिजे’ यांत मनाला फार लांबचं अंतर कापावं लागतं. पुढे १९८४ मध्ये सारडा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं परिस्थितिजन्य पुराव्याचे, म्हणजे थेट पाहणारा साक्षीदार नसताना आजूबाजूच्या गोष्टींवरून जोडलेल्या पुराव्याचे, पाच नियम घालून दिले, तेव्हा पहिल्याच नियमात हे वाक्य घेतलं. तो खटलाही महाराष्ट्रातलाच. त्यातला आणखी एक नियम असा, की आरोपीच्या दोषाशिवाय दुसरी कुठलीही शक्यता उरता कामा नये. साखळी पूर्ण हवी.

आता सिनेमाकडे या. खालच्या मजल्यावरचा म्हातारा म्हणतो, मी पोराला ‘मारून टाकीन’ असं ओरडताना ऐकलं आणि सेकंदभरात धाडकन पडल्याचा आवाज आला. पण त्याच वेळी लोकल खिडकीला घासून धडधडत होती, तिला पुढे निघून जायला दहा सेकंद लागतात. तो आवाज त्याला ओळखू आला कसा? पाय ओढत चालणारा माणूस पंधरा सेकंदांत पलंगावरून दारापर्यंत पोचला, हे खोलीत चालून बघतात तेव्हा चाळिसाच्या वर सेकंद लागतात. म्हणजे कानाची साक्ष गेली. डोळ्यांची डळमळली. उरलं काय? मामांची बोटं. त्यातून ‘केलं असेल’ एवढंच निघतं.

पण बोबडे निकालाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर मामांवर अन्याय होईल. त्याच निकालात हेही आहे, की आरोपीला जिचा फायदा मिळतो ती वाजवी शंका म्हणजे मनात आलेली प्रत्येक शंका नव्हे. प्रत्येक किंतु-परंतूचा फायदा देत बसलात तर गुन्हेगार सुटत राहतील आणि लोकांचा कायद्यावरचा विश्वास उडेल. मामा नेमकं हेच म्हणत होते.

मला राग येतो तो वेगळ्याच माणसाचा. तो सिनेमात दिसतच नाही. पोराचा वकील, कोर्टानं नेमून दिलेला. चष्मा लांबचा की जवळचा, हा एक प्रश्न त्यानं उलटतपासणीत विचारला असता तर एका मिनिटात निकाल लागला असता. म्हाताऱ्याला चालून दाखवायला सांगितलं असतं तर तेही झालं असतं. जे काम त्यानं करायचं, ते बारा घामेजलेली माणसं पाठ दुखेपर्यंत करत बसली. आपल्याकडेही ज्याला वकील परवडत नाही त्याला सरकारी खर्चानं वकील मिळायची सोय आहे, १९८७ चा कायदाच आहे. पण मिळालेला वकील तो एक प्रश्न विचारतो का, यावर कुणाचं तरी अख्खं आयुष्य लटकलेलं असतं. हा सिनेमा बघताना मला दर वेळी तो न दिसणारा वकील डोळ्यांसमोर येतो.

त्या रात्री सिनेमा संपल्यावर मामी म्हणाल्या, आपणही मतदान घेऊ. वहीच्या पानाच्या पाच चिठ्ठ्या केल्या, चकलीच्या रिकाम्या डब्यात टाकल्या. मीच उघडल्या. चार ‘दोषी नाही’, एक ‘दोषी’. अक्षर मामांचं होतं, सगळ्यांना कळलं.

मामा म्हणाले, ‘लावा परत. त्या बाईच्या साक्षीपासून.’ रात्रीचे साडेबारा वाजले होते. मामी चहा टाकायला उठल्या.