सुटलो कामातून, लागलो कामाला

नमस्कार, श्रोतेहो.

आज एका बसपासून सुरुवात करू. अमेरिकेतल्या टूसॉन शहरातून ही बस सुटते आणि वाळवंटातून लास वेगासला जाते. आत एकही प्रवासी नाही. रस्त्यावर दुसरं वाहन नाही आणि खिडकीतून बघण्यासारखं काही नाही. वेग ताशी ४५ मैलांच्या पुढे जात नाही, त्यामुळे पोचायला ८ तास लागतात, आणि हे तास घड्याळातले, खरेखुरे. बस सारखी जराशी उजवीकडे ओढते, म्हणजे डुलकी काढायचीही सोय नाही. रस्ता सोडलात की ती बंद पडते आणि दुसरी गाडी तिला ओढत टूसॉनला परत नेते. तेही सगळं खऱ्या वेळेत. चिकाटीने वेगासला पोचलातच, तर गुण मिळतो. किती? एक. मग गेम अदबीने विचारतो, परतीची फेरी करणार का?

या गेमचं नाव 'डेझर्ट बस'. पेन आणि टेलर या अमेरिकी जादूगारांच्या जोडीसाठी १९९५च्या सुमाराला तयार झालेल्या एका गेमसंचात तो होता. व्हिडिओ गेममधल्या मारधाडीवरून तेव्हा राजकारणी मंडळींनी गदारोळ केला होता, त्यांना हे उत्तर होतं: घ्या, हा गेम अगदी वास्तवाला धरून आहे, यात कुणाला ओरखडासुद्धा उठत नाही. प्रकाशक कंपनीच बुडाली आणि गेम दुकानात पोचला नाही. पण कुठून तरी त्याची प्रत बाहेर आली आणि २००७पासून कॅनडातले काही विनोदी कलाकार दर वर्षी ही बस रात्रंदिवस हाकून, आजारी मुलांसाठी देणग्या गोळा करतात. लोक पैसे देतात ते बहुधा दया येऊन.

पण मला गंमत वाटते ती वेगळीच. थट्टा म्हणून केलेली ही बस आज बाजारात आली, तर कुणी हसणार नाही. लोक विचारतील, वायपर चालतात का? पाऊस कधी येणार? स्टिअरिंग वेगळं विकत घ्यावं लागेल का?

कारण व्हिडिओ गेम ही करमणूक आहे, ही एक जुनी अफवा आहे. ती दुसरी नोकरी आहे. फक्त इथे पगार आपण भरायचा असतो.

२०१२ साली चेक प्रजासत्ताकातल्या एका कंपनीने 'युरो ट्रक सिम्युलेटर २' काढला. यात मालट्रक चालवायचा. सिग्नल तोडला तर दंड. झोप आली तर बाजूला घेऊन थांबायचं. स्वतःचा ट्रक हवा असेल तर बँकेचं कर्ज काढायचं आणि हप्ते फेडायचे. लाखो लोक हे आनंदाने करतात. दिवसभर ऑफिसात बसून पाठ धरली म्हणून कुरकुरणारा माणूस संध्याकाळी टेबलाला स्टिअरिंग जोडतो, पायाशी पेडल मांडतो आणि पुन्हा बसतो. 'फार्मिंग सिम्युलेटर'मध्ये नांगरट, पेरणी, कापणी, आणि पेंढ्याचे गठ्ठे बांधून कोठारात पोचवण्याच्या चक्क स्पर्धा होतात, समालोचकांसह. 'पॉवरवॉश सिम्युलेटर'मध्ये पाण्याच्या फवाऱ्याने लोकांची अंगणं आणि गाड्या धुवायच्या. काम नव्याण्णव टक्क्यांवर येऊन अडकलं आणि उरलेला डाग सापडेना, की माणूस कासावीस होतो. रात्री दोन वाजता कुंपणाच्या मागच्या बाजूला पडून तो डाग शोधतो. त्याच माणसाला म्हणावं, बाबा रे, आपली गॅलरी जरा धुऊन काढ. लगेच त्याची कंबर धरते.

'स्टारड्यू व्हॅली' नावाचा २०१६चा एक फार गोड गेम आहे. सुरुवातीला आपला नायक एका कंपनीच्या कार्यालयात मान मोडून बसलेला असतो. जीव उबगतो, नोकरी सोडतो आणि आजोबांनी ठेवलेल्या शेतावर जातो. सुटका! मग सकाळी सहाला उठायचं, दगड फोडायचे, पाणी घालायचं, कोंबड्यांची विचारपूस करायची, खाणीत उतरायचं, आणि रात्री दोनच्या आत अंथरुणावर पोचला नाहीत तर आहात तिथेच कोसळायचं. कार्यालयात निदान पाचला सुटी होती.

आणि अंतराळात? तिथे तरी साहस असेल, असं तुम्हाला वाटेल. आइसलँडच्या सीसीपी या कंपनीचा 'ईव्ह ऑनलाइन' २००३पासून चालू आहे. हजारो तारे, अवाढव्य यानं, खेळाडूंनी उभारलेली साम्राज्यं. त्याचं प्रेमाने घेतलं जाणारं टोपणनाव आहे 'अंतराळातली स्प्रेडशीट'. २०२२ साली कंपनीने आपल्या वार्षिक मेळाव्यात जाहीर केलं, की आता गेम मायक्रोसॉफ्ट एक्सेलला जोडता येणार. सभागृहात टाळ्या पडल्या, आरोळ्या उठल्या! या गेममध्ये जानेवारी २०१४मध्ये एक महायुद्ध झालं. सुमारे २१ तास चाललं, हजारो खेळाडू उतरले आणि नष्ट झालेल्या यानांची खऱ्या पैशातली किंमत लोकांनी ३ लाख डॉलरच्या आसपास काढली. युद्धाचं कारण? एका आघाडीने आपल्या ताब्यातल्या भागाचं बिल भरलं नव्हतं. ट्रॉयची हेलन नाही, सिंहासन नाही, अपमान नाही. थकबाकी!

२०२०च्या मार्चमध्ये जग घरात कोंडलं गेलं, तेव्हा निन्टेन्डोचा 'ॲनिमल क्रॉसिंग'चा नवा भाग आला. निर्जन बेट, मऊ प्राणी, समुद्राची गाज. बेटावर पाय ठेवल्या ठेवल्या टॉम नूक नावाचा प्राणी तुमच्या हातात प्रवासखर्चाचं बिल ठेवतो. ते फेडलं की घरासाठी कर्ज. ते फेडलं की मोठ्या घरासाठी मोठं कर्ज. मात्र बिनव्याजी आणि मुदतीचं बंधन नाही, म्हणजे त्या बेटावरची एकमेव कल्पनारम्य गोष्ट तीच. रविवारी सलगम घ्यायचे आणि आठवडाभरात भाव चढला की विकायचे, नाहीतर सडतात. इथवर ठीक. पण एप्रिलमध्ये गेममधल्या बँकेने ठेवींवरचा व्याजदर घटवला, आणि घरात कोंडून घेतलेले लोक, ज्यांची खरी बचत त्याच महिन्यात गटांगळ्या खात होती, ते एका काल्पनिक बँकेवर चिडले. बड्या आर्थिक दैनिकांनी बातमी दिली.

साहसी गेमची तऱ्हा आणखी न्यारी. 'स्कायरिम'मध्ये एक ड्रॅगन जग गिळायला निघालेला असतो आणि त्याला अडवू शकणारा एकच जीव म्हणजे आपण. पण वाटेत कुणाची तरी हरवलेली वस्तू आणून द्यायची असते. मग औषधी पानं गोळा करायची असतात. नायक दिसेल ते पिशवीत टाकतो, लोखंडी कढया, दुसऱ्यांची पुस्तकं, मेलेल्यांचे बूट, आणि शेवटी वजन इतकं होतं की धावता येत नाही. जगाचा तारणहार बूट घेऊन पावलापावलाने बाजाराकडे चालला आहे आणि ड्रॅगन वाट बघतो आहे. गेममधल्या खलनायकांइतका सोशिक वर्ग मी पाहिलेला नाही. जोवर तुम्ही त्याच्या दारात येत नाही, तोवर प्रलय थांबलेला असतो. मासेमारीला जाऊन या, म्हणतो, घाई नाही. आणि मासेमारी हटकून असतेच. कथा अंतराळातली असो वा यमलोकातली, कुठेतरी एक डबकं आणि गळ ठेवलेला असतो. मला विचाराल तर बहुतेक गेममध्ये तोच भाग उत्तम जमलेला असतो.

आता माणूस पैसे देऊन राबायला तयार आहे, हे उद्योगाच्या नजरेतून किती दिवस सुटणार?

पूर्वी या धंद्यात एक भोळेपणा होता. १९८६ साली कोनामी कंपनीचे काझुहिसा हाशिमोतो 'ग्रेडियस' हा गेम घरगुती यंत्रावर आणत होते. तपासण्यासाठी तो पुन्हा पुन्हा खेळावा लागे आणि त्यांना काही तो झेपेना. म्हणून त्यांनी स्वतःपुरती एक गुप्त किल्ली घातली: वर, वर, खाली, खाली, डावं, उजवं, डावं, उजवं, बी, ए. दाबलं की सगळी शस्त्रं हजर. ती किल्ली विकायच्या प्रतीतही राहून गेली आणि पिढ्यांनी ती पाठ केली. लक्षात घ्या, ही मेहनत वाचवणारी सोय फुकट होती.

आज तिला 'टाइम सेव्हर' म्हणतात आणि ती दुकानात असते. युबिसॉफ्टने २०१८च्या 'ॲसॅसिन्स क्रीड ओडिसी'मध्ये अनुभवाचे गुण भराभर वाढवणारी सोय विकायला ठेवली. म्हणजे गेम विकत घ्या, आणि मग तो कमी खेळावा लागावा म्हणून पुन्हा पैसे द्या. आधी वाट लांबवायची, मग आडवाट विकायची. नाक्यावर दोन्हीकडे तेच उभे.

या व्यापाराचा आद्यपुरुष एक घोडा आहे. २००६मध्ये 'ऑब्लिव्हियन' या गेमसाठी बेथेस्डा कंपनीने अडीच डॉलरला घोड्याचं चिलखत विकायला काढलं. लोक पोट धरून हसले. वर्षानुवर्षं हसले. आणि २०२५मध्ये त्याच गेमची नवी आवृत्ती आली, तेव्हा महागड्या संचात नवं चिलखत घालून घोडा पुन्हा हजर! हसणारे लोकच ते विकत घेत होते.

नंतर लूट बॉक्स आले. पैसे द्या, पेटी उघडा, आत काय निघेल ते तुमचं नशीब. २०१७च्या 'स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २'मध्ये डार्थ व्हेडरसारखं बडं पात्र मिळवायला किती तास घासावं लागेल याचा लोकांनी हिशेब मांडला आणि खवळले. त्यावर ईए कंपनीने उत्तर दिलं, की खेळाडूंना अभिमानाची आणि काही कमावल्याची भावना मिळावी हा हेतू आहे. त्या उत्तराखाली साडेसहा लाखांहून जास्त लोकांनी नापसंती नोंदवली. अभिमान वाटला असेल तर तो त्यांनाच. २०१८मध्ये बेल्जियमने असल्या पेट्यांना जुगार ठरवलं. २०१९मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे याच कंपनीच्या प्रतिनिधींनी सांगितलं, आम्ही त्याला लूट बॉक्स म्हणत नाही, 'सरप्राइज मेकॅनिक्स' म्हणतो.

असल्या व्यापाराची थट्टा करायला इयन बोगोस्ट या अभ्यासकाने आधीच, २०१०मध्ये, 'काऊ क्लिकर' केला होता. पडद्यावर एक गाय. तिच्यावर क्लिक करायचं. मग सहा तासांनी पुन्हा. एवढंच. थांबवत नसेल तर पैसे भरा आणि लवकर क्लिक करा. हजारो लोक खेळू लागले, तेही मनापासून. बोगोस्ट वैतागले. २०११मध्ये त्यांनी सगळ्या गायी काढून टाकल्या. तरी काही लोक जिथे गाय होती त्या मोकळ्या जागेवर क्लिक करतच राहिले. उपहास करणाऱ्याने यापुढे करायचं तरी काय?

आता पडद्यापलीकडे राबणारे. अटारी कंपनी गेमवर प्रोग्रामरचं नाव छापत नसे. म्हणून वॉरन रॉबिनेट यांनी 'ॲडव्हेंचर'मध्ये एक चोरखोली बांधली, तिची किल्ली म्हणून एक ठिपका लपवला, आणि आत स्वतःचं नाव लिहिलं. कंपनीला पत्ता लागेपर्यंत ते नोकरी सोडून गेले होते. याच कंपनीने १९८२मध्ये हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ यांच्याकडून 'ई. टी.' हा गेम सुमारे पाच आठवड्यांत करून घेतला. पुढच्या वर्षी न खपलेल्या मालाच्या गाड्या न्यू मेक्सिकोतल्या ॲलमोगॉर्डोच्या कचराभूमीत रिकाम्या झाल्या. २०१४मध्ये त्या जागी खणलं आणि निघालेल्या कॅसेटींचा गावाने लिलाव केला, लाखभर डॉलर आले. दुकानात कुणी हात लावला नव्हता तो माल.

पाच आठवडे वाईट, तर मग भरपूर वेळ घ्यावा? 'ड्यूक न्यूकेम फॉरेव्हर' १९९७मध्ये जाहीर झाला आणि २०११मध्ये आला. आल्यावर बऱ्याच जणांचं मत पडलं, की वाट बघण्यातच मजा होती.

या धंद्यातल्या जादा तासांना 'क्रंच' म्हणतात. २००४मध्ये एका कर्मचाऱ्याच्या वाग्दत्त वधूने जाहीर पत्र लिहून त्याला वाचा फोडली. पुढे खटले झाले, कंपनीला कोट्यवधी डॉलर मोजावे लागले, आणि क्रंच काही गेला नाही. २०१८च्या 'रेड डेड रिडेम्प्शन २'च्या वेळी आठवड्याला शंभर तासांची भाषा झाली. त्या गेममध्ये थंडी पडली की घोड्याच्या शरीराचा एक नाजूक भाग आक्रसतो. रेडिओवर याहून स्पष्ट बोलता येत नाही. पण कुणीतरी ते आखलं, कुणीतरी तपासलं, आणि त्या रविवारी घरी जेवायला गेलं नाही, हे मला हसताना मध्येच आठवतं. २०२३ आणि २०२४मध्ये या उद्योगातल्या हजारो लोकांना घरी पाठवलं, गेम गाजलेल्या स्टुडिओंनाही टाळं लागलं. खेळणारे राबत होते, बनवणारे मोकळे झाले.

२०२३च्या डिसेंबरात अमेरिकेतला १३ वर्षांचा एक मुलगा निन्टेन्डोवरचा जुना 'टेट्रिस' खेळता खेळता इतका पुढे गेला, की गेमच गोठला. तोवर हे कुठल्या माणसाला जमलं नव्हतं. यंत्राने आधी राजीनामा दिला! यावर ब्रिटनमधल्या एका वृत्तवाहिनीच्या निवेदिकेने त्याला उपदेश केला, बाहेर जा, मोकळी हवा घे.

उद्योगाने हा सल्ला त्याआधीच मनावर घेतला होता. २०१६मध्ये फोन हातात घेऊन फिरत काल्पनिक प्राणी पकडायचा 'पोकेमॉन गो' आला आणि लोक खरंच बाहेर पडले, बागांतून, पुलांवरून, रात्री-अपरात्री. अंडं उबवायचं तर २, ५ किंवा १० किलोमीटर चालायचं. आठवडाभर लोक चालले. मग कुणी फोन कुत्र्याच्या पट्ट्याला बांधला, कुणी छताच्या पंख्याला, कुणी खेळण्यातल्या आगगाडीवर ठेवून गोल गोल फिरवला. अंडी आपोआप उबत होती, माणूस खुर्चीत रिकामा बसला होता. आणि हात मोकळे होते म्हणून त्याने दुसरा गेम लावला.

नमस्कार.