सरळ वाट सायकलला
(धुळे येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)

एखादे शहर सायकलींसाठी प्रसिद्ध का होते, असे विचारले की सपाट जमीन, थंड हवा आणि तेथील माणसांची आवड अशी उत्तरे मिळतात. जमिनीचेच कारण खरे असते, तर तापी-पांझरेच्या या सपाट मुलखातून सायकल कधी गेलीच नसती. भुसावळला रेल्वेची पाळी सुटली की डबा अडकवलेल्या सायकलींची रांग लागे, हे आपल्यातील ज्येष्ठांनी पाहिले आहे. जमीन तीच राहिली. सायकली मात्र गेल्या.

नेदरलँड्समध्येही मोटारी वाढल्या तशा सायकली जाऊ लागल्या होत्या. १९७१ मध्ये तेथे रस्ते अपघातांत सुमारे ३,३०० माणसे दगावली, त्यांत चारशेहून अधिक मुले होती. पालक रस्त्यावर उतरले आणि १९७३ च्या तेलटंचाईने त्यांच्या मागणीला बळ दिले. ग्रोनिंगन या शहराने १९७७ मध्ये जे केले, ते मला सर्वांत शिकण्यासारखे वाटते. त्यांनी शहराच्या मध्यभागाचे चार भाग केले आणि मोटारीला एका भागातून दुसऱ्या भागात थेट जाण्यास बंदी घातली, त्यामुळे मोटारवाल्याला बाहेरच्या वळणरस्त्याने फिरून यावे लागे आणि सायकलस्वार मात्र दोन मिनिटांत सरळ पलीकडे पोहोचे. व्यापाऱ्यांचा विरोध तीव्र होता, तरी योजना टिकली. पाऊस आणि बोचरा वारा तेथेही आहेच. पण जवळची वाट सायकलची असल्यामुळे माणसे सायकल काढतात.

आता आपल्या धुळ्याकडे पाहा. कॅप्टन ब्रिग्ज यांच्या काळात, १८१९ नंतर, आखलेल्या पेठेतून आपल्याला सरळ, समांतर, क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्या मिळाल्या. अशा रचनेत एक गल्ली सोडून दुसरी मोटारींच्या आरपार वाहतुकीला बंद करणे सोपे आहे, कारण शेजारची गल्ली उपलब्ध असते. त्यासाठी नवा रस्ता लागत नाही, चार दगडी खांब पुरतात. दुकानात माल येण्याची वेळ ठरवून द्यावी लागेल, तेवढी अडचण मी मान्य करतो. महामार्ग ओलांडण्याचा प्रश्न याहून कठीण आहे. शाळकरी मुलीला भरधाव ट्रकांमधून सायकल काढावी लागत असेल, तर आई-वडील तिला सायकल देणार नाहीत, आणि त्यांना दोष देता येणार नाही. तेथे भुयारी मार्गच हवा, तोही पायऱ्यांचा नव्हे, उताराचा.

राहिले ऊन. मे महिन्यात जळगावचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा सावली हाच रस्त्याचा मुख्य भाग समजावा. उत्तर-दक्षिण रस्त्याच्या पूर्व कडेचा निंब सकाळी रस्त्यावर सावली धरतो, पश्चिम कडेचा दुपारनंतर. मुले शाळेतून परततात ती वेळ अधिक तापलेली असते, म्हणून लागवड पश्चिमेच्या रांगेपासून सुरू करावी.