ताटाची डावी बाजू

नमस्कार मंडळी. दुपारची जेवणं आटोपली असतील, ओटा पुसून झाला असेल, तर बसा जरा. आज मला ताटाच्या डाव्या बाजूबद्दल बोलायचंय. डावी बाजू म्हणजे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं, एखादं भरीत. उजवीकडच्या भाजी-आमटीनं पोट भरतं, पण जेवणाला चव येते ती डावीकडून, असं माझं ठाम मत आहे. आणि हल्ली हॉटेलात काकडी-टोमॅटोच्या चार चकत्या ठेवतात आणि सॅलड म्हणतात ते मला अजिबात पटत नाही, कोशिंबीर म्हणजे काकडी चोचवणं आलं, फोडणी आली, हातानं कालवणं आलं. असो, ते पुन्हा कधीतरी.

तर घरात कुणाला ॲलर्जी निघाली ना, की पहिल्यांदा रिकामी होते ती हीच डावी बाजू. आमच्याकडे तसंच झालं. लेकीची दोन मुलं, नातवाला शेंगदाण्याची ॲलर्जी आणि नातीला दुधाची. आता तुम्हीच सांगा, आमचं सासर सोलापूरचं, आम्ही राहतो पुण्यात, आमच्या कोशिंबिरीत एक तर दही नाहीतर दाण्याचं कूट, बहुतेक वेळा दोन्ही. दही गेलं, कूट गेलं, मग वाटीत उरलं काय? सुरुवातीला कितीतरी महिने त्या मुलांच्या ताटात डावीकडे नुसती लिंबाची फोड असायची, ते बघून मला फार वाईट वाटायचं.

आधी एक सांगते, कारण यात खूप लोक गोंधळतात. दूध न पचणं वेगळं आणि दुधाची ॲलर्जी वेगळी. न पचणाऱ्याला दही, ताक पुष्कळदा चालून जातं. ॲलर्जी मात्र दुधातल्या प्रथिनांची असते, ती दह्यात आहेत, पनीरमध्ये आहेत, आणि गाईचं नको तर म्हशीचं किंवा शेळीचं द्या म्हणतात तेही बरोबर नाही, कारण त्या प्रथिनांत फार फरक नसतो. तुपातसुद्धा त्याचा अंश राहू शकतो, म्हणून आमच्याकडे फोडणी तेलाचीच. शेंगदाण्याचंही तसंच, भाजला, तळला, उकडला तरी ॲलर्जी होणारी गोष्ट त्यातून जात नाही. आणि हल्ली सगळे घाण्याचं तेल आणतात, चांगलंच असतं ते, पण घाण्याच्या शेंगदाणा तेलात दाण्याची प्रथिनं राहतात हो, ते या मुलांच्या फोडणीला नको.

आता ती गोष्ट सांगते. ही गोष्ट मी कितीजणींना सांगितली असेल याला हिशोब नाही.

तीन वर्षांपूर्वीची आषाढी. ह्यांच्या आत्या सोलापूरहून आल्या होत्या, वय अठ्ठ्याहत्तर, नऊवारी, हातपाय अजून खणखणीत. सोलापूरहून आल्या म्हटल्यावर सोबत काय आणलं असेल ते तुम्ही ओळखलंच. शेंगाचटणी. उखळात कुटलेली, तेल सुटून तांबूस झालेली. (मिक्सरमधून काढली की तिचा भुगा होतो, ती शेंगाचटणी नव्हे, हे आत्यांचं म्हणणं आणि माझंही.) डबा फडक्यात बांधलेला होता, तो मी तसाच्या तसा कपाटावर ठेवला, म्हटलं मुलं येणार आहेत, ती गेल्यावर उघडू.

एकादशी दुप्पट खाशी ते आमच्या घरी खरंच. सकाळी सातला मी आम्हा मोठ्यांसाठी साबुदाण्याची खिचडी केली. तिचं कूट मिक्सरच्या लहान भांड्यात केलं. भांडं घासलं, एकदा नाही दोनदा घासलं, उन्हात पालथं घातलं. अकराला लेक मुलांना घेऊन आली आणि मी मुलांचं वेगळं करायला घेतलं. वऱ्याचे तांदूळ, बटाट्याची भाजी, आणि मनात होतं की आज यांना डावीकडे काहीतरी द्यायचंच, म्हणून काकडीची कोशिंबीर. काकडी चोचवली, ओलं खोबरं, हिरवी मिरची आणि जिरं त्याच लहान भांड्यात फिरवून लावलं, वरून लिंबू पिळलं. आत्या पाटावर बसून बघत होत्या. म्हणाल्या, "कूट नाही, दही नाही, हिला कोशिंबीर कशी म्हणायची गं?" मी म्हटलं, "आत्या, खाऊन तर बघा."

नातू तेव्हा पाच वर्षांचा. त्यानं दोन घास खाल्ले आणि म्हणाला, "आजी, ओठाला मुंग्या येतायत." मी बघितलं तर खालचा ओठ फुगून चकचकीत झालेला. बघता बघता मानेवर गांधी उठल्या, आणि मग खोकला सुरू झाला. डॉक्टरांनी लिहून दिलेला कागद लेकीनं आमच्या फ्रीजवर चिकटवून ठेवला होता, त्यात स्पष्ट होतं की खोकला, घरघर, उलट्या यातलं काही झालं तर गोळ्या-औषधं देत बसायचं नाही, सरळ दवाखाना. शेजाऱ्यांनी गाडी काढली. तिथे गेल्या गेल्या मांडीत ॲड्रेनलिनचं इंजेक्शन दिलं आणि रात्रीपर्यंत ठेवून घेतलं.

मी घरी थांबले होते, नात आणि आत्या यांच्यापाशी. आणि माझी नजर, खरं सांगते, सारखी त्या कपाटावरच्या डब्याकडे जात होती. मी तोंडानं एक शब्द बोलले नाही, पण आत्यांना ते कळलं. त्यांनी मला स्टूल घ्यायला लावलं, डबा खाली काढायला लावला. फडक्याची गाठ जशीच्या तशी होती. "माझा डबा नाही बाई," त्या म्हणाल्या, "आता तू काय काय वापरलंस ते माझ्या पुढ्यात मांड."

मी मांडलं. सुरी, ताटली, किसणी, चमचा, मिक्सरचं भांडं, झाकण. आत्यांनी एकेक उचलून नाकाशी नेलं. झाकण हातात घेतलं, उलटं केलं, आणि अंबाड्यातला आकडा काढून झाकणाच्या आतली रबरी रिंग उचकटली. रिंगेखाली बोटभर लांब तपकिरी रेघ होती, ओली, चिकट. त्यांनी ती चिमटीत घेऊन चोळली आणि माझ्या नाकाखाली धरली. शेंगदाणा. दोनदा घासलेल्या झाकणात. मंडळी, इतकी वर्षं मिक्सर वापरतेय मी, पण ती रिंग काढून कधी धुतली नव्हती.

लेकीचा फोन आला की आता खेळतोय, बिस्किट मागतोय, तेव्हा आत्या पदरात तोंड घालून रडल्या. आणि मग जे बोलल्या ते मी आज तुम्हाला सांगायला बसलेय. म्हणाल्या, "वेगळं कशाला केलंस? सगळ्यांचंच बिनकुटाचं केलं असतंस तर आज भांड्याला शेंगदाणा लागलाच नसता." आयुष्यभर जिनं दोन वेळच्या जेवणात शेंगदाणा खाल्ला, ती बाई हे म्हणाली. तो बांधलेला डबा त्यांनी गाठ न सोडता शेजारी देऊन टाकला. दुसऱ्या दिवशी मला घेऊन तुळशीबागेत गेल्या, नवा लोखंडी खलबत्ता आणला, आणि त्यात सुकं खोबरं, लसूण, लाल मिरची असं कुटलं की द्वादशीच्या पारण्याला सगळ्यांनी दोनदा मागून घेतलं. त्या दिवसापासून आमच्या घरात शेंगदाणा येत नाही.

तर मुलांचं वेगळं करू नका. सगळ्यांचं एकच करा. निदान डावी बाजू तरी सगळ्यांची एकच असू द्या. आणि रिंग काढून धुवा, घरात शेंगदाणा येत असेल तर भांडं-झाकणच वेगळं ठेवा. पाहुणे आले की "थोडंसं खाल्ल्यानं काय होतंय" म्हणून मुलाच्या तोंडात काहीतरी घालतात, त्यांना मी आता सरळ हात धरून थांबवते, मग कुणी मोठं असो की लहान.

वेळ जातोय, पण करायचं काय ते सांगते ना. कूट कोशिंबिरीत दोन कामं करतं, काकडीचं पाणी शोषतं आणि खमंगपणा देतं. पाणी शोषायला डाळ्याचं कूट घाला, पंढरपुरी डाळं कोरडंच फिरवायचं. उपास असेल तर राजगिऱ्याच्या लाह्या, अगदी वाढायच्या वेळी. खमंगपणाला सुकं खोबरं लालसर भाजून हातानं चुरडा. जवस, कारळं, तीळ यांच्या चटण्या आहेतच, आत्या आता सोलापूरहून त्याच आणतात, वेगळ्या उखळात कुटून. पण तिळाचीसुद्धा ॲलर्जी असते, आणि शेंगदाण्यासारखंच डाळंही कडधान्यातलं, तेव्हा नवीन काही द्यायच्या आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा, हे मी दोनदा सांगते, डॉक्टरांना विचारा.

दह्याच्या आंबटपणाला लिंबू, कैरी, चिंच, आमसूल. लाल भोपळा भाजून त्याचं भरीत नारळाच्या दुधात करा, वरून मोहरी-मिरचीची फोडणी, माझी नात वाटी पुसून खाते. कैरीचा तक्कू, त्यात मुळातच दही नाही की कूट नाही. कोबीची पचडी लिंबू पिळून. चैत्रातली आंबेडाळ तर वर्षभर करावी, कैरी नसेल तर लिंबावर. दोडक्याच्या शिरा तेलात कुरकुरीत परतून खोबऱ्याबरोबर चटणी. घाटावर कूट तसं कोकणात खोबरं, म्हणून कुठलं तोंडीलावणं करू असा प्रश्न पडला की मी मनानं कोकणात जाते, तिकडच्या कितीतरी गोष्टींना शेंगदाणा लागतच नाही. सोलकढी घ्या, आमसूल आणि नारळाचं दूध, दोन्ही मुलांना चालते आणि मोठ्यांनाही हवीच असते.

आणखी एक, हिंग. आपण समजतो चिमूटभर हिंगानं काय होणार, पण बाजारातल्या पुष्कळ बांधानी हिंगात गव्हाचं पीठ असतं. ज्या घरात गव्हाची ॲलर्जी आहे त्यांनी डबी उलटी करून वाचा. पाकिटांवर लिहायचे नियम आपल्याकडे 2020 साली नव्यानं आले, त्यात गहू वगैरे ग्लुटेनची धान्यं, कोळंबी-खेकडे, दूध, अंडी, मासे, शेंगदाणा आणि काजू-बदाम, सोयाबीन आणि पदार्थ टिकायला घालतात ते सल्फाइट एवढ्यांची वेगळी सूचना द्यायची असते. तीळ आणि मोहरी त्या यादीत नाहीत. अमेरिकेत 2023 पासून तिळाचं नाव लिहावंच लागतं. आपल्याकडेही यायला हवं, घरोघरी संक्रांतीला तीळ असतो, आपल्याला तर आधी हवं होतं. तोवर फक्त ठळक अक्षरातली सूचना वाचून थांबू नका, बारीक अक्षरातलं पूर्ण वाचा. आणि सुट्टी चटणी, सुटा मसाला या मुलांसाठी घेऊच नका, तो कुठल्या चक्कीत कशानंतर दळला ते दुकानदारालाही ठाऊक नसतं.

परत एकदा, ज्यांनी आत्ता रेडिओ लावला त्यांच्यासाठी. सगळ्यांचं एकच करा. झाकणाची रिंग काढून धुवा. पाकीट वाचा. आणि मुलाला खोकला, घरघर सुरू झाली तर घरी थांबू नका.

नातू आता आठ वर्षांचा झालाय. कुणाकडेही जेवायला गेला की आधी किचनमध्ये जातो आणि विचारतो, "काकू, मिक्सरच्या झाकणाची रिंग काढून दाखवाल का?" आणि खरं सांगते, आजवर कुणी त्याला नाही म्हटलेलं नाही. आत्या यंदाही आषाढीला येतायत, काल फोन होता, म्हणाल्या द्वादशीसाठी दोडके आणून ठेव, पण कोवळे नकोत, शिरा जाड बघून घे.

नमस्कार.