के-१००० चा भाव कसा ठरवायचा?

(दृश्य: लाकडी टेबलावर पेंटॅक्स के-१०००, पुढे ५० मिलिमीटर एफ/२ लेन्स)

पेंटॅक्स के-१००० हा फिल्मचा कॅमेरा. १९७६ साली बाजारात आला आणि १९९७ पर्यंत बनत राहिला. आधी जपानमध्ये, मग हाँगकाँगला, शेवटी चीनमध्ये. सेल्फ-टायमर नाही, झगमग काही नाही. फोटोग्राफी शिकणाऱ्यांच्या कित्येक पिढ्यांच्या हातात हाच होता. त्यातून नाव झालं आणि नावामागोमाग भावही चढला.

विकणारा जो आकडा सांगतो, ती त्याची इच्छा. बाजारभाव कळतो तो प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या नगांवरून. ईबेवर असे नग वेगळे गाळून बघता येतात. गेल्या दोन-तीन महिन्यांतले, हीच लेन्स असलेले, चालू म्हणून गेलेले आठ-दहा संच बघा. सगळ्यात महाग आणि सगळ्यात स्वस्त नग बाजूला काढा. जे मधले उरतील, तिथून वजाबाकी सुरू करायची.

(दृश्य: कॅमेऱ्याची पाठ उघडते)

जाहिरातीत बरेचदा लिहिलेलं असतं, ‘बॅटरी नव्हती, म्हणून तपासला नाही.’ या कॅमेऱ्याला ते कारण लागूच पडत नाही. शटर, म्हणजे फिल्मवर प्रकाश सोडणारा पडदा, संपूर्ण यांत्रिक आहे. बॅटरी लागते ती फक्त प्रकाश मोजणाऱ्या मीटरला. लिव्हर ओढून कळ दाबायला कुणाला बॅटरी लागत नाही, आणि विकणाऱ्याने ती दाबून पाहिलीच नसेल, यावर आमचा विश्वास नाही. अशा नगाला सुट्या भागांचाच भाव द्यावा.

आता शटर. कापडाचे दोन पडदे आडवे धावतात. १/६० सेकंदापर्यंत पहिला पडदा पूर्ण उघडतो, मग दुसरा निघतो. त्याहून वेगात दुसरा पडदा पहिल्याच्या मागोमाग सुटतो आणि दोघांमधली फट फिल्मवरून सरकत जाते. चाळीस-पन्नास वर्षांत वंगण सुकतं, पहिला पडदा रेंगाळतो, दुसरा त्याला गाठतो. मग फोटोची एक बाजू काळी येते.

हे दुकानातच पकडता येतं. लेन्स काढा, पाठ उघडा, कॅमेरा उजळ भिंतीकडे धरा आणि १/१००० वर कळ दाबा. चौकट एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सारखी उजळली पाहिजे. पाच-सहा वेळा करा, कारण पहिल्या एक-दोन वेळेलाच अडणारं शटर नंतर मोकळं होतं आणि विकणाऱ्याने तुम्ही यायच्या आधी ते पंचवीस वेळा चालवलेलं असू शकतं.

संथ वेगांसाठी मोबाईल पुरतो. २४० फ्रेमच्या स्लो-मोशनमध्ये चित्रण करा. एक सेकंदाला पडदा साधारण २४० फ्रेम उघडा दिसायला हवा, १/३० ला आठ. १/८ किंवा १/१५ ला शटर मध्येच अडखळत असेल, तर संथ वेगाची चक्रं चिकटली आहेत. वरच्या टोकाला मात्र काटेकोर हट्ट नको. १/१००० प्रत्यक्षात १/७०० निघाला, तर फरक अर्ध्या स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). निगेटिव्ह फिल्मला तो चालतो.

आरसा वर अडकतो का, तेही याच वेळी बघा. असले दोष सर्व्हिसिंगने जातात. फक्त पडद्याची स्प्रिंग ताणून वेळ मारून नेलेली असेल, तर दोष परत येतो. म्हणून ‘सर्व्हिस केलाय’ हे ऐकलं की काय काय उघडलं होतं, ते विचारा आणि पावती मागा.

(दृश्य: पाठीच्या खाचेतला काळा, चिकट फोम)

हा फोम डांबरासारखा झाला असेल तर घाबरू नका. प्रकाश अडवणाऱ्या या पट्ट्या विरघळतातच, आणि नव्या घरी बसवता येतात. तरी भाव करताना मुद्दा हातचा सोडू नये.

मीटरला एक एलआर-४४ सेल लागतो. खालचं झाकण नाण्याने उघडा. हिरवट-पांढरा थर वरवरचा असेल तर पुसला जातो. तारेपर्यंत गेला असेल तर तार बदलावी लागते. सेल घालून कडक उन्हात आयएसओ (फिल्मची संवेदनशीलता) १००, वेग १/१२५ आणि ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं प्रकाशाचं भोक, एफ/१६ वर लावा. सुई मधोमध यायला हवी. मीटर मेलेला असला तरी मोबाईलच्या लाइट-मीटरवर काम भागतं. वजावट करा, सौदा मोडू नका.

(दृश्य: अंधारात टॉर्च, लेन्समधून तिरका प्रकाश)

लेन्सचं तसं नाही. ॲपर्चर पूर्ण उघडा आणि मागच्या बाजूने टॉर्च तिरका मारा. धूळ दिसणारच, तिला किंमत देऊ नका. कोळ्याच्या जाळ्यासारखे फाटे दिसले तर ते फंगस. कोकणपट्टीत आणि मुंबईत पावसाळाभर बंद कपाटात, चामड्याच्या केसमध्ये राहिलेल्या लेन्सला ते हमखास असतं. कडेला नुकतं धरलेलं निघतं. पण त्याच्या आम्लाने काचेवरचं कोटिंग खाल्लं असेल, तर साफ केल्यावरही डाग राहतात. सगळीकडे सारखं धुकं असेल, तर समोरून ऊन आलं की चित्र फिकं पडतं. पुढच्या काचेवरचा एखादा बारीक ओरखडा क्षम्य. मागच्या काचेवरचा जास्त नडतो.

ॲपर्चर एफ/१६ वर फिरवा आणि लेन्सच्या मागची छोटी दांडी बोटाने हलवून सोडा. ॲपर्चरची पाती झटकन मिटली पाहिजेत. तेल लागलेली पाती आळसावतात, वेळेत मिटत नाहीत आणि फोटो जास्त उजळ येतो.

शेवटी अनंतावर फोकस करून शंभर-दोनशे मीटरवरची इमारत बघा. ती धूसर असेल, तर फंगस काढताना कुणीतरी लेन्स उघडून चुकीची जोडली असावी, किंवा कॅमेरा पडलेला असावा. फिल्टरच्या रिंगला पोचा आहे का, तेही बघून घ्या.

आता हिशोब. आकडे निव्वळ समजण्यापुरते: चालू संच १२,००० ला जातो. तुमच्या नगाचं १/१००० बिघडलंय, सर्व्हिसिंग ४,०००. फोम ५००. उरले ७,५००. दुरुस्तीची जोखीम तुमची, म्हणून आणखी हजार कमी. ६,५०० च्या वर जाऊ नका. लेन्सला धुकं असेल तर तिची किंमत शून्य धरा, कारण एफ/२ पुष्कळ मिळते. थोडे जास्त देऊन एफ/१.७ घेतलेली बरी.

आणि एक. के-१००० च्या शेजारी पेंटॅक्स केएम पडलेला दिसला, तर आधी तो उचला. के-१००० हा त्याचीच छाटलेली आवृत्ती. केएममध्ये सेल्फ-टायमर आहे, डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे किती खोलीपर्यंत चित्र स्पष्ट येईल, ते बघायची सोय आहे, लेन्स बसवायचं माउंट तेच. नाव कमी लोकांना माहीत, म्हणून पुष्कळदा तो स्वस्तात सुटतो.

ऑनलाइन घेतलात, तर परत करायची मुदत संपण्याआधी एक रोल काढून धुवून घ्या. त्यातल्या निदान चार फ्रेम स्वच्छ आकाशाच्या, १/५०० आणि १/१००० वर. काळी कड असेल तर ती तिथेच दिसते.