दहा श्वास, एक मणी

[दृश्य : वाळूचं घड्याळ, शेजारी मण्यांची पट्टी. जवळून.]

खोकणाऱ्या तान्ह्या बाळाला न्यूमोनिया आहे का, हे त्याच्या श्वासांवरून कळतं. दोन महिन्यांच्या आतलं बाळ मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास घेत असेल, तर धोका. त्याहून मोठं पण वर्षाच्या आतलं असेल, तर ५०. नियम एवढाच. पण गडचिरोलीत तो वापरायचा होता गावच्या दायांनी. त्यातल्या अनेकींनी शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. घड्याळावर एक डोळा ठेवून साठपर्यंत मोजायचं कसं?

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं मोजणीच बदलली. एका मिनिटाची वाळू आणि ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटचा मणी सरकला, तर न्यूमोनिया.

पुढचा प्रयोग नवजात बाळांचा. ३९ गावांत थोडंफार शिकलेल्या बायका ‘आरोग्यदूत’ झाल्या. घरी जाऊन बाळाचं वजन, ताप, श्वास बघू लागल्या. तिसऱ्या वर्षी, तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानानं नवजात मृत्यूंचं प्रमाण ६२ टक्क्यांनी घटलं. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकानं हे छापलं आणि जगभर चर्चा झाली.

पण निबंध वाचून कुणाला न रडलेल्या बाळाला श्वास देता येत नाही. ते शेजारी बसून, हात धरूनच शिकवावं लागतं. म्हणून ‘अंकुर’ प्रकल्पात महाराष्ट्रातल्या सात संस्थांनी हे काम आपापल्या भागात करून पाहिलं. २००५ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकाच्या पुरवणीत गडचिरोलीचे बरेच लेख एकत्र आले. त्यातला एक तर मुख्यतः पद्धतीवरच. असे लेख फारसे कुणी मिरवत नाही. दुसऱ्या जिल्ह्यात काम उभं करणाऱ्याला मात्र तेच लागतात.

२०११ मध्ये केंद्र सरकारनं घरपोच नवजात सेवा देशभर नेली. आशाताई दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे सहा वेळा जातात, घरी जन्मलेल्याकडे सात वेळा. पिशवीत वजनकाटा, थर्मामीटर, डिजिटल घड्याळ.

इंजेक्शन मात्र नाही. गडचिरोलीत जंतुसंसर्ग झालेल्या बाळाला आरोग्यदूत स्वतः जेंटामायसिन हे प्रतिजैविक टोचत. आशांनी लक्षणं ओळखायची आणि बाळाला दवाखान्यात पाठवायचं. म्हणजे दवाखाना किती लांब, पावसाळ्यात नाला ओलांडता येतो का, तिथं डॉक्टर भेटतात का, हे प्रश्न मूळ पद्धतीनं दारातच मिटवले होते. ते परत आले.