एक जिल्हा, दोन खोरी

मंडळी, पत्रिकेवर ‘लाहौल-स्पिती : भूगोल आणि शेती’ असं छापलंय. शेतीकडे येतोच, पण आधी नकाशाबद्दल बोलू द्या. तो राग माझ्या मनात फार दिवस आहे.

हिमाचलच्या नकाशात हा जिल्हा एकाच रंगात रंगवलेला असतो. क्षेत्रफळ साधारण १३,८०० चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याच्या पावणेचार पट. माणसं किती? २०११च्या जनगणनेत ३१,५६४. आपल्याकडे एखाद्या तालुक्याच्या गावात याहून जास्त असतात! हे दोन आकडे सगळे सांगतात. पण हा एक जिल्हा नाहीच, दोन मुलूख आहेत, हे कुणी सांगत नाही.

पाण्याकडे बघा. चंद्रा आणि भागा, दोघी बारालाचा खिंडीजवळ उगम पावतात. दोन वेगळ्या दिशांना निघतात, चंद्रा मोठा वळसा घालते आणि केलाँगच्या खाली तांदीला दोघी भेटतात. तिथून चंद्रभागा, पुढे चिनाब. (चंद्रभागा म्हटल्यावर सभागृहातल्या वारकऱ्यांचे चेहरे खुलले. पंढरपूरची ती भीमा, ही निराळी.) हे झालं लाहौल. स्पिती नदी मात्र पूर्वेकडे उतरते, किन्नौरमध्ये खाबला सतलजला मिळते. दोन्ही पाणी पुन्हा एकत्र येतं ते थेट पाकिस्तानात, पंजनदला.

मध्ये उभी आहे साडेचार हजार मीटरवरची कुंझुम खिंड. हिवाळ्यात ती बर्फाखाली जाते. अटल बोगदा ३ ऑक्टोबर २०२० रोजी खुला झाला तेव्हा ‘लाहौल-स्पिती बारमाही जोडला’ अशा बातम्या आपण वाचल्या. जोडलं गेलं ते लाहौल. बोगदा मनाली आणि लाहौलमधल्या रोहतांग खिंडीच्या पोटातून जातो, कुंझुमच्या नाही. जानेवारीत काझाच्या, म्हणजे स्पितीच्या मुख्य गावातल्या, माणसाचं केलाँगला, म्हणजे स्वतःच्याच जिल्ह्याच्या मुख्यालयात, काम निघालं तर त्याने समदोमार्गे किन्नौरात उतरायचं, सतलजच्या कडेने खाली यायचं, मग मंडी, कुलू, मनाली आणि बोगदा. उन्हाळ्यातले दोनशेच्या आतले किलोमीटर सहाशेच्या वर जातात. म्हणून तर काझाला वेगळे अतिरिक्त उपायुक्त बसवावे लागले. प्रशासनाला जे उमगलं ते शाळेच्या भिंतीवरच्या नकाशाला अजून उमगू नये, याचं मला खरोखर वाईट वाटतं. खिंडीच्या नावाशेजारी ती कोणत्या महिन्यात उघडते एवढं छापायला कितीशी शाई लागते?

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं. तर शेती.

मोसमी ढग पीर पंजालची डोंगररांग अडवते, त्यामुळे पलीकडे पर्जन्यछाया. पश्चिमेला लाहौलमधल्याच उदयपूरकडे (राजस्थानातलं नव्हे) थोडी हिरवळ, स्पितीत थंड वाळवंट. पीक वर्षातून एकच, तेही वितळलेल्या बर्फाच्या पाण्यावर. ते पाणी डोंगरउतारावरच्या ‘कुल’मधून, म्हणजे पाटातून, शेतात येतं आणि गाव पाळ्या लावून वाटून घेतं. हिवाळ्यात बर्फ कमी पडलं की पेरणीलाच पाणी तुटतं.

पूर्वी जव आणि काळा वाटाणा घरापुरता होई. आता लाहौलमध्ये बटाटा, फ्लॉवर. स्पितीत हिरवा वाटाणा. मैदानात उन्हाळ्यात वाटाणा होत नाही, म्हणून याला भाव मिळतो. पण नाशवंत माल आहे. एकाच जिल्ह्याच्या शेतकऱ्यांपैकी लाहौलवाल्याचा ट्रक बोगद्यातून काही तासांत मनालीला पोचतो. स्पितीवाल्याला कुंझुमचा कच्चा रस्ता किंवा किन्नौरचा दरडींचा, यातून एक निवडावा लागतो. भाव ठरवताना दोघांची गणना एकाच जिल्ह्यात करून चालणार नाही, एवढंच मला मांडायचं होतं. आता प्रश्न घेऊ.